डांबर घेतला! आता पुढच्या चार वर्षांचं काय करू?

मृण्मयी_स्वार

शेवटी घोडा घेतला! कागद झाले, नाव लागलं, कातडीखालच्या ओळखीच्या चिपचा नंबर जुळवून पाहिला आणि मगच इथे लिहायला बसले. गेले काही महिने घरात घोड्याचा विषय काढायला मला बंदी होती, त्यामुळे आता तुम्हा मंडळींना सोसावं लागणार.

मी ज्या घोडीवर बसायला शिकले तिचं हे शिंगरू. जन्मला तेव्हा ओल्या डांबरासारखा काळा कुळकुळीत, म्हणून मीच डांबर म्हणायला लागले आणि तेच चिकटलं. आता १६ महिन्यांचा आहे. डोळ्यांभोवती पांढरी कडी उमटलीयेत, तोंड राखाडी पडलंय. म्हणजे थोड्या वर्षांत नाव डांबर आणि घोडा पांढराशुभ्र असा प्रकार होणार.

तपासणी विकणाऱ्यांच्या ओळखीतल्या डॉक्टरांकडून न करता वेगळ्या पशुवैद्यांकडून करून घेतली. हृदय, डोळे, कडक आणि मऊ जमिनीवरची चाल, पाय दुमडून धरून लगेच पळवून बघणं, हॉक आणि स्टायफल या मागच्या पायाच्या सांध्यांचे एक्स-रे. सगळं ठीक निघालं. पुढचा उजवा खूर आतून जरा जास्त झिजतो, तेवढं नालबंद सांभाळून घेतील म्हणाले.

स्वभाव धीट, चौकस आणि थोडा आगाऊ. खिसे हुंगतो, बाही ओढतो, नवीन वस्तू दिसली की आधी नाक लावणार.

डोक्यातला आराखडा असा: दोन वर्षांचा झाला की खोगीर आणि लांब दोरीवर गोल फिरवणं, अडीचला पाठीवर बसणं, तीनला दुडकी आणि दौड, चारला छोट्या ड्रेसाज (स्वाराच्या इशाऱ्यांवर नेमक्या चालींच्या) स्पर्धा. पुढे त्याचा कल दिसला तर लांब पल्ल्याच्या स्वाऱ्या. बरा आहे का? काय बदलाल? आणि तोवर मी रोज त्याच्याशी नक्की काय करू? नुसता खरारा करत बसायला माझी हरकत नाही, त्याची असेल.

सध्या त्याची आई आणि आणखी दोन घोड्या आहेत त्याच कुरणात असतो. मजेत आहे.

खोगीरभरती

हार्दिक अभिनंदन! फोटो नसलेला घोड्याचा धागा फाऊल धरण्यात येतो, याची नोंद घ्यावी.

रंगाचं म्हणाल तर सब्ज्या, म्हणजे वयाबरोबर पांढऱ्या होत जाणाऱ्या घोड्यांचं हे असंच. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमधले ते पांढरे लिपिझानर जातीचे घोडे बघता ना, तेही जन्मतात काळे किंवा तपकिरी. पूर्ण पांढरे व्हायला सहा ते दहा वर्षं घेतात. बाकी जाणकार सांगतीलच, मी आपला नावाप्रमाणे भरतीला.

डॉ_खूर

अभिनंदन. आराखड्याचं नंतर बघू. १६ महिन्यांचा नर तीन माद्यांबरोबर मोकळा आहे असं लिहिलंय. खच्ची केलाय का?

मृण्मयी_स्वार

नाही अजून. लहान आहे ना? शिवाय त्यातली एक त्याची आईच आहे.

डॉ_खूर

तुमच्या डोळ्यांना लहान आहे. शिंगरं वर्ष-सव्वा वर्षाची झाली की त्यांच्याकडून घोडी गाभण राहू शकते. आई, बहीण हे नातं आपण लावतो, तो लावत नाही. तेव्हा उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे त्याला माद्यांपासून वेगळा करा, मध्ये भक्कम कुंपण हवं. आणि तिन्ही माद्यांची सोनोग्राफी करून घ्या. पंधरा दिवसांच्या आसपासचा गर्भसुद्धा दिसतो. लवकर कळलं तर काय करायचं ते ठरवता येतं. उशीर झाला तर ११ महिन्यांनी दुसरा धागा काढावा लागेल.

वेगळा करा म्हणजे एकटा ठेवा असं नाही. एखादा शांत, वयस्क, खच्ची घोडा सोबतीला द्या. एकटं वाढलेलं शिंगरू पुढे माणसांना फार महाग पडतं.

जाता जाता, सब्जा आहे म्हणून एक सवय आत्ताच लावून घ्या. खरारा करताना शेपटीच्या खालून, गुदद्वाराभोवती आणि कानशिलाखाली जबड्याच्या मागे बोटं फिरवायची. या रंगाच्या घोड्यांना उतारवयात तिथे मेलॅनोमाच्या (त्वचेच्या रंगपेशींच्या) गाठी येतात, पंधरा वर्षांपुढे तर बहुतेकांना. वर्षानुवर्षं तशाच पडून राहणाऱ्याही असतात, पण पहिली गाठ कधी आली ते माहीत असलेलं बरं. शिवाय शेपटीला हात लावून घ्यायची सवय आत्ता लागली की पुढे ताप बघायलाही सोपं.

अश्वमेध

डॉक्टर, म्हणजे खच्ची करायचाच? इतका देखणा घोडा. मान, छाती, तो रुबाब सगळं जातं हो. मी म्हणतो अख्खा ठेवा, नीट शिकवला तर काही त्रास देत नाही.

नाना पागेवाले

अश्वमेधराव, रुबाब बघणाऱ्याला. भोगायचं त्याला आणि त्याच्या मोतद्दाराला. अख्खा घोडा ठेवायचा तर उंच कुंपण लागतं, माद्यांपासून अंतर लागतं, आणि हाताळणारा रोज तितकाच सावध लागतो. घरात एक घोडा आणि एक हौशी स्वार असेल तर बहुतेक वेळा काय होतं? घोडा तबेल्यातल्या एकट्याच्या खणात जातो. कुणाच्या पाठीला पाठ घासायची नाही, कुणाबरोबर पळायचं नाही, कठड्यावरून बाहेर बघत डुलत राहायचं. देखणेपण त्या खणात काय कामाचं?

पैदाशीसाठी ठेवायचा तर त्याच्या आईबापाचा, पायांचा, कामाचा हिशोब मांडून ठेवतात. सुंदर दिसतो म्हणून नाही ठेवत.

मृण्मयी, करून टाक. आणि धनुर्वाताची लस आधी झाली आहे ना ते बघ.

अश्वमेध

नानांशी कोण वाद घालणार. माघार.

डॉ_खूर

नानांना दुजोरा. दोन्ही वृषण खाली उतरलेले असले तर वयाचं बंधन नाही. शिंगरं लवकर खच्ची केली तर वाढ खुंटते असा समज आहे, प्रत्यक्षात उलट आहे. हाडांची वाढ थांबवणारा संकेत उशिरा मिळतो, त्यामुळे ती किंचित उंचच होतात. शस्त्रक्रियेनंतर खणात कोंडून ठेवू नका. पहिल्या दिवसाची विश्रांती झाली की रोज चालवायचं, सूज त्यानेच उतरते. आणि खच्ची झाल्या दिवशी तो निर्धोक होत नाही. महिना-दीड महिना तरी माद्यांपासून लांबच.

मृण्मयी_स्वार

बाप रे. बरं झालं विचारलंत. आत्ताच तबेल्यावर फोन केला. मधल्या वाड्यात एक जुना सतरा वर्षांचा खच्ची घोडा आहे, आज संध्याकाळपासून दोघं एकत्र. सोनोग्राफीचं सांगितलंय, ते जरा नाखूश आहेत पण करतील.

नाना पागेवाले

आता आराखड्याचं. अडीचला बसायचं, हे मला पटत नाही.

घोड्याची हाडं खालून वर पिकतात. हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा (मऊ हाडाचा) थर असतो, वाढ तिथे होते, तो मिटला की हाड पक्कं. खुराजवळची हाडं पहिल्या वर्षातच पक्की होतात, नळीचं (गुडघ्याखालच्या लांब हाडाचं) खालचं टोक दीड वर्षाच्या आत. गुडघ्याच्या वरचा थर दोन ते अडीच वर्षांना. लोक गुडघ्याचा एक्स-रे काढून 'बंद झाले, बसा आता' म्हणतात तो हाच. पण आपण बसतो कुठे? गुडघ्यावर नाही, पाठीवर. खांदा, मांडी, कंबर यांना तीन-साडेतीन वर्षं लागतात आणि मणक्यांचं काम सगळ्यात शेवटी, पाच-साडेपाचपर्यंत चालतं. जितका घोडा उंच आणि मान लांब तितका उशीर. पिकल्याचा दाखला पायाचा आणि ओझं पाठीवर, असा सगळा मामला.

आणि डोळे फसवतात. शिंगरू १२ महिन्यांचं झालं की पूर्ण उंचीच्या ९० टक्क्यांच्या आसपास पोचलेलं असतं, पण वजन दोन तृतीयांशाच्या घरात. दोन वर्षांचा घोडा लांबून घोडाच दिसतो.

माझं मत: साडेतीनला पाठीवर ओळख, चारला हलकी स्वारी, पाचला काम. त्या स्पॅनिश स्कूलमध्येसुद्धा नर चार वर्षांचे झाल्यावर शिक्षणाला घेतात, आणि ते काही आळशी लोक नाहीत.

टापटीप

नाना, आदर आहेच, पण हे अर्धंच सांगताय. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचे घोडे, दोन वर्षांचे असताना शर्यतीत धावतात. उत्तर गोलार्धात सगळ्यांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात, त्यामुळे मे महिन्यात जन्मलेला घोडा कागदावर दोन वर्षांचा होतो तेव्हा खरा २० महिन्यांचाही नसतो. आणि दोन वर्षांचे असताना धावलेल्या घोड्यांची कारकीर्द उशिरा सुरू केलेल्यांपेक्षा लांब टिकल्याचं अभ्यासांत दिसलंय. हाड वापरलं की घट्ट होतं. चार वर्षं झुलीखाली जपून ठेवलेला घोडा एकदम कामाला लावला तर तोच आधी मोडेल.

नाना पागेवाले

झुलीखाली जपायला मी कधी सांगितलं? आणि शर्यतीतला स्वार पन्नास-पंचावन्न किलोचा असतो, मिनिट-दोन मिनिटांची धाव. आपल्याकडचे रविवारचे स्वार जड खोगिरासकट तासभर मैदानात गोल गोल फिरवतात. दोन्ही एका तागडीत घालू नका.

टापटीप

गोल गोलचा मुद्दा मान्य.

डॉ_खूर

दोघंही भांडताय, पण वेगवेगळ्या गोष्टींवर.

टापटीप म्हणतात ते खरं आहे. वाढत्या वयात हाड पळण्याला उत्तर देतं. खणात बांधून वाढवलेल्या शिंगरांच्या हाडांची घनता कुरणात वाढवलेल्यांपेक्षा कमी भरते, आणि रोजच्या थोड्या जोरदार पळण्यानेही फरक पडतो. पण हाड घट्ट करायला पाठीवर माणूस लागत नाही. मोठं कुरण, चढउतार, सोबतीला पळणारं कोणी, एवढं असलं तर तो स्वतःच दिवसातून चार वेळा उधळतो आणि थांबतो. हाडाला तेवढं पुरतं. दोन वर्षांना धावलेल्यांबद्दल एक लक्षात घ्या. दोन वर्षांना मैदानावर उतरतात तेच जे मुळात धडधाकट असतात. लंगडणारे मागेच राहतात. त्यामुळे लांब कारकिर्दीचं सगळं श्रेय लवकर सुरुवातीला देता येत नाही.

नानांचंही खरं. मणका आणि पाठीचे स्नायू उशिरा तयार होतात. फक्त मणक्यांतले थर मिटेपर्यंत कोणी बसूच नये असा त्याचा अर्थ नाही. पाचापर्यंत ओझं थोडं, वेळ कमी आणि बहुतेक सरळ रेषेत.

मृण्मयी, तुमच्या आराखड्यात मला बसण्यापेक्षा जास्त खटकलं ते दोन वर्षांचा असताना लांब दोरीवर गोल फिरवणं. लहान वर्तुळात आतल्या पायांवर सतत तिरपा भार येतो, आणि लोक 'बसत तर नाही ना' म्हणून अर्धा-अर्धा तास फिरवतात. शिकण्यापुरतं, मोठ्या वर्तुळात, दोन्ही बाजूंनी, पाच-सात मिनिटं. त्याहून जास्त नको.

खोगीरभरती

यात माझी भर: ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाज आणि इव्हेंटिंगला (ड्रेसाज, मैदानी दौड आणि उड्या अशी एकत्र स्पर्धा) घोडा किमान ८ वर्षांचा आणि जंपिंगला ९ वर्षांचा लागतो. एफईआय या आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाची तरुण ड्रेसाज घोड्यांची जागतिक स्पर्धा असते, तिच्यातही ५, ६ आणि ७ वर्षांचे गट आहेत, चारचा नाहीच. म्हणजे डांबरला घाई नाही. घाई मृण्मयीला आहे.

मृण्मयी_स्वार

खोगीरभरती, भावना पोचल्या. 😄

ठीक. अडीच रद्द. पण मग मधली दोन वर्षं? तो खरंच चौकस आहे, काही काम दिलं नाही तर स्वतः शोधून काढतो. परवा वाड्याची कडी उघडली त्याने.

रानवारा

कडी उघडणाऱ्याला कडीवर चाप लावायचा, हे आधी.

मी शिंगरं हाताळते, म्हणून थोडं सविस्तर. या वयात शिकवायचं खूप असतं, पण एका वेळी दहा-पंधरा मिनिटं, आणि रोज असंच नाही. आठवड्यातून चार-पाच वेळा पुरे. बाकी वेळ त्याला घोडा राहू दे.

म्होरकी (तोंडाला बांधायचा दोरीचा साज) चढवणं, दोन्ही बाजूंनी चालवणं, थांब म्हटलं की थांबणं, मागे सरणं, बांधल्यावर उभं राहणं. 'दोन्ही बाजूंनी' यावर जोर देते. सगळे डावीकडून सगळं करतात आणि मग उजवीकडून गेलं की घोडा परका असल्यासारखा बघतो. जवळ जाताना सरळ कपाळावर हात नेऊ नका, तेवढंच त्याला दिसत नाही. बाजूने या, खांद्याला हात लावा.

पाय उचलणं मी असं शिकवते. डावा पुढचा. खांद्यावर हात ठेवायचा, तिथून कोपर, मग नळीच्या मागून खाली. मध्येच थांबून बघायचं, वजन उजव्या पायावर गेलंय का. गेलं नसेल तर खांद्याला हलका रेटा. मग 'पाय' म्हणायचं. त्याने उचलला की दोन श्वास धरायचा आणि तो हिसकायच्या आत आपणच खाली ठेवायचा. टाकायचा नाही, ठेवायचा. खूर जमिनीला टेकेपर्यंत हात सोडायचा नाही. दोनाचे पाच श्वास, मग खूर साफ करणं, मग खुराच्या तळाला बोटांनी टकटक, म्हणजे कधी नाल ठोकायची वेळ आली तर आवाज नवा वाटत नाही. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी येणार, त्याला दर वेळी झोंबाझोंबी करावी लागली तर खुराचा कोन नीट कसा राखेल तो? तुमच्या त्या आतून झिजणाऱ्या खुराला तर हे पहिल्यांदा हवं.

बाही ओढण्याचं. नर शिंगरं तोंडानेच खेळतात, एकमेकांचे गुडघे, मान धरतात. त्यामुळे तोंडावर चापट मारली तर त्याला वाटतं खेळ सुरू झाला, आणि पुढच्या वेळी तो चावून वेगाने डोकं मागे घेईल. मारायचं नाही. आपण हलायचं नाही आणि त्याला दोन पावलं मागे सरकवायचं, दर वेळी, न रागावता. खाऊ हातातून देणं आजपासून बंद, बादलीत टाका. तो ८० किलोचा होता तेव्हा गोड होतं. ४५० चा झाला की हीच खोड म्हणून विकला जातो.

दुडकी

रानवाराला +१. दोन वर्षांनंतर माझी आवडती गोष्ट म्हणजे त्याला घेऊन फिरायला जाणं. पायी. पाण्याचं डबकं, फडफडणारा कागद, सायकल, कुत्रा, बोळ. बुजला तर दोरी आखडायची नाही, थांबायचं, त्याला बघू द्यायचं, श्वास सोडून मान खाली केली की पुढे. दुसऱ्या शांत घोड्याबरोबर नेलं तर अर्धं शिक्षण तो घोडाच देतो. अडीच-तीनला लांब दोन दोऱ्या लावून मागून चालत हाकायला शिकवा. लगामाची सगळी भाषा, डावं-उजवं-थांब-चल, पाठीवर कोणी नसताना येते. मग प्रत्यक्ष बसता तेव्हा त्याला नवीन फक्त वजन असतं.

मृण्मयी_स्वार

हे फार आवडलं. दोन दोऱ्यांचं मी कधी केलं नाहीये, शिकावं लागेल.

खाण्याचा प्रश्न राहिला. सध्या वाळलेलं गवत, सकाळ-संध्याकाळ ओट आणि कोंड्याचं आंबोण. हाडं भरावीत म्हणून ओट वाढवू का?

डॉ_खूर

नको! दाणा जास्त दिला की शिंगरू भराभर वाढतं आणि सांध्यांच्या कूर्चेला तो वेग झेपत नाही. सांधे सुजतात, कूर्चेचे तुकडे सुटतात. तुमचे हॉकचे एक्स-रे आज स्वच्छ आहेत, तसेच राहू देत. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की लागाव्यात.

कोंड्याबद्दल जरा तिखट बोलतो. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं. नुसता कोंडा-दाणा चालू राहिला तर शरीर रक्तातलं कॅल्शियम सांभाळायला हाडांतून काढून घेतं, तोंडाची हाडं फुगतात, घोडा जागा बदलून बदलून लंगडतो. पूर्वी पीठगिरण्यांवरच्या घोड्यांना गिरणीतला कोंडाच मिळायचा, त्यांच्यात हा रोग इतका दिसे की त्याला कोंड्याचं नाव पडलं होतं. वाढत्या वयात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्तच हवं, दीडपट ते दुप्पट. चांगलं गवत भरपूर, त्यात थोडं लसूणघास, खनिजमिश्रण, समोर मीठ आणि पाणी. दिवसाला कोरडा चारा वजनाच्या दीड ते दोन टक्के तरी पोटात जायला हवा. शिवाय घोड्याच्या पोटात आम्ल अखंड स्रवतं, खाणं चालू असो वा नसो, म्हणून तासन्‌तास उपाशी ठेवू नका.

जंतांचं औषध डोळे झाकून महिन्यामहिन्याला देऊ नका. लीद तपासून द्या.

टापटीप

दातांचं कोणी बोललं नाही. अडीचला पुढचे मधले दुधाचे दात पडतात, साडेतीनला त्यांच्या बाजूचे, साडेचारला कडेचे. दाढाही याच काळात बदलतात. म्हणजे ज्या वयात आपण तोंडात लगामाची कडी घालतो त्याच वयात तोंडात सगळी पाडापाडी चाललेली असते. डोकं झटकतो, एका बाजूला वळत नाही, की लोक म्हणतात हट्टी आहे. आधी तोंड बघा. पहिल्या दाढेच्या पुढे बारकासा फालतू दात कधी कधी असतो, तो कडीला अडतो, तो आधी काढून घेतात. आणि तोवर कडीशिवाय, नाकपट्टीवरच शिकवलं तर बिघडत काय?

स्पष्टवक्ता

सगळे घोड्याबद्दल बोलताय, मी स्वाराबद्दल विचारतो. मृण्मयी, तुम्ही शिकलेल्या घोड्यांवर बसलात. कोरा घोडा तयार केलाय कधी? 'दोन दोऱ्यांचं कधी केलं नाही' म्हणालात म्हणून विचारतो. नवशिकं जनावर आणि पहिलाच प्रयत्न करणारं माणूस ही जोडी मला धोक्याची वाटते. राग मानू नका.

रानवारा

विचारायची पद्धत जरा मऊ असती तरी चाललं असतं, पण प्रश्न बरोबर आहे.

मृण्मयी_स्वार

राग नाही. नाही केलाय. दुसऱ्याचे तरुण घोडे, बसायला सुरुवात झाल्यानंतरचे, चालवलेत. पहिल्यांदा पाठीवर बसण्याचं काम मी एकटी करणार नाही, हे घेण्याआधीच ठरलंय. प्रशिक्षकांकडे देणार. पण द्यायचं म्हणजे दोन महिन्यांसाठी पाठवून तयार घोडा परत घ्यायचा, हे मला नको आहे. मलाही त्या वेळी तिथे असायचंय.

नाना पागेवाले

मग तसाच माणूस शोध जो तुला तिथे उभं राहू देईल. न कळवता जा एकदा. काम संपल्यावर घोडे कसे उभे असतात ते बघ: घामाने निथळत, कान मागे, की मान सैल सोडून. त्याने दोन-तीन वर्षांपूर्वी तयार केलेले घोडे आज कुठे आहेत, कसे चालतात ते विचार. 'तीस दिवसांत तयार करून देतो' म्हणणारा भेटला तर पाणी पिऊन परत ये.

आणि पहिल्यांदा बसून झालं, आठ-दहा वेळा पाच-दहा मिनिटं चालला, की खोगीर उतरव आणि चार-सहा महिने पुन्हा कुरणात सोड. लोकांना वाटतं विसरेल. विसरत नाही, उलट पक्कं होऊन परत येतो. परत आला की खोगीर नव्याने बसवून बघ. या वयात पाठीचा आकार ऋतूगणिक बदलतो, मागच्या वर्षीचं खोगीर खांद्यात रुततं.

दुडकी

वजनाचंही एक. स्वार, खोगीर सगळं मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत, हा ढोबळ आकडा सांगतात. पण तो वाढ पूर्ण झालेल्या, कामाला सरावलेल्या घोड्यासाठी आहे. चार वर्षांच्यासाठी मी बरंच खाली धरेन.

स्पष्टवक्ता

उत्तर आवडलं. माझी शंका मिटली. प्रशिक्षकाच्या फीसाठी आत्तापासून वेगळे पैसे ठेवा एवढंच, कारण घोडा विकत घ्यायचा खर्च एकदाच असतो, बाकीचे पंचवीस वर्षं चालू राहतात.

मृण्मयी_स्वार

अपडेट: तिन्ही माद्या रिकाम्या. हुश्श! डांबरच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली, धनुर्वाताची लस आधीच झालेली आहे. कोंडा बंद, खनिजमिश्रण चालू. म्हातारबुवांबरोबर छान जमलंय. पहिल्या दिवशी याने त्यांची बाही, म्हणजे मान, ओढून बघितली आणि एक सणसणीत लाथ हवेत खाल्ली. तेव्हापासून माणसांशीही थोडा सभ्य झालाय.

जखम भरली की दोघांना दुसरीकडच्या चढउताराच्या मोठ्या कुरणात हलवायचं ठरतंय. डांबर आजवर कधी घोडे न्यायच्या गाडीत चढलेला नाही. हाताशी काही आठवडे आहेत. कसं करू?

अश्वमेध

चार माणसं, मागून दोर, हय्या हय्या. गंमत करतोय, मारू नका.

रानवारा

रिकामी गाडी मिळाली तर कुरणात आणून उभी करा, चाकांना अडसर लावून, ओढणाऱ्या गाडीला जोडूनच. पुढचं दार उघडं, मधली फळी बाजूला, म्हणजे आत बोळ न दिसता उजेड दिसेल. पहिले दोन दिवस फक्त गाडीत चढायच्या उतरणीवर बादलीत खाणं. पुढचे पाय उतरणीवर ठेवले की बस, तिथेच शाबासकी देऊन मागे घ्या. त्याला स्वतःला मागे यावंसं वाटायच्या आधी तुम्ही मागे बोलवायचं. मग म्हातारबुवांना आधी चढवा, तो बघेल. आत थांबायला लागला की गवताची जाळी, दार लोटून दोन मिनिटं, मग इंजिन चालू करून उभं, मग कुरणाला एक फेरी. चढण्याइतकंच उतरणं शिकवा. सरळ मागे, एक एक पाऊल. धडाधड मागे येणारा घोडा उतरणीच्या कडेवरून घसरतो.

नाना पागेवाले

आणि क्रम चुकवायचा नाही. चढवताना घोड्याच्या मागचा आडवा दांडा आधी लावायचा, मग म्होरकीची दोरी बांधायची. उतरवताना दोरी आधी सोडायची, मग दांडा काढायचा. बांधलेल्या घोड्याच्या मागचा दांडा काढला आणि तो मागे सरला, दोरी ताणली गेली, की डोकं वर आपटतं आणि मग तो गाडीत परत पाय ठेवत नाही. दोरी अशा गाठीने बांध जी एका ओढीत सुटते. मदतीला येणाऱ्यांनाही हे आधी नीट सांग, घाईत दांडा काढणारे तेच असतात.

मृण्मयी_स्वार

लिहून घेतलं. शनिवारी गाडी आणतायत. आणि खोगीरभरती, फोटो तेव्हाच काढेन, सध्या तो चिखलात लोळून आलाय, रंग कळायचा नाही.